आत झोपणार की बाहेर? बटण दाबा!

लांबलचक लिहितोय. वेळ असेल तरच वाचा. पण लातूर-धाराशिवच्या, विशेषतः औसा, लोहारा, उमरगा, निलंगा भागातल्या मित्रांनी तरी शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

मागच्या महिन्यात एका छोट्या बैठकीला गेलो होतो. कुणी बोलावली, कुठं झाली हे लिहीत नाही. अजून काहीच कागदावर नाही आणि मला कुणा एकाला झोडपायचंही नाही. विषय होता १९९३ च्या किल्लारी भूकंपाचं 'इमर्सिव्ह' स्मृतिदालन. बाहेरून आलेल्या एका तरुण कलाकाराने लॅपटॉप उघडून भिंतीवर चित्रं दाखवली. पोरगा हुशार होता, मेहनत घेतलेली दिसत होती.

कल्पना अशी. अंधारी खोली. लांबून ढोल-ताशा, गणपतीची शेवटची आरती. गुलालाचा, अगरबत्तीचा वास. मग शांतता, नुसते रातकिडे. भिंतीवरच्या घड्याळात ३ वाजून ५६ मिनिटं होतात आणि पायाखालची फरशी हलायला लागते. धूळ उडते. ओल्या मातीचा वास सोडणारं यंत्र सुरू होतं. किंकाळ्या. मग पुन्हा अंधार.

इथपर्यंत मी गप्प होतो. पण खोलीत शिरायच्या आधी दाराशी एक स्क्रीन असणार होती. त्यावर प्रश्न: 'आज रात्री तुम्ही कुठे झोपणार? आत की बाहेर?' दोन बटणं. तुम्ही जे दाबाल त्याप्रमाणे तुमचा पुढचा अनुभव बदलणार. 'बाहेर' दाबलं तर वाचलात. 'आत' दाबलं तर... इथं पोरगा जरा थांबला, सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, 'हे दालन निवड आणि स्मृती याबद्दल आहे.' टाळ्या पडल्या.

मीही वाजवल्या असत्या. मला आत्या नसती तर.

आत्याकडे येतोच. आधी हे 'इमर्सिव्ह' प्रकरण काय ते बघू, कारण हा शब्द आता प्रत्येक सादरीकरणात असतो. पूर्वी चित्र भिंतीवर असायचं आणि आपण समोर उभे राहायचो. आता चित्र चारी भिंतींवर, छतावर, फरशीवर असतं आणि आपण मधे. २०२३ च्या सुरुवातीला मुंबईत व्हॅन गॉगच्या चित्रांचं असं ३६० अंशांचं प्रदर्शन झालं. लोक रांगा लावून गेले, सूर्यफुलांत उभं राहून फोटो काढले. त्याला माझी ना नाही. ज्याला त्यात बुडायचं त्याने बुडावं. कलाकारांनी आवाज, वास, स्पर्श वापरून काही केलं तर ती कला नाही असं म्हणणारा मी कोण? तालुक्याच्या गावात पेपरला बातम्या देणारा माणूस.

पण एक गोष्ट सांगतो. इमर्शन म्हणजे बुडणं, बुडवणं. आपल्या गणपती विसर्जनालाही इंग्रजी पेपर इमर्शनच म्हणतात. किल्लारीचा भूकंप विसर्जनाच्याच रात्री झाला. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी, ३० च्या पहाटे धक्का. लोक मिरवणुकीतून दमून आले आणि झोपले. ज्यांचा जन्म त्या रात्रीत एकदा बुडून निघालाय, त्यांच्यासमोर हा शब्द जरा जपून वापरावा.

मी तेव्हा सातवीत होतो. आमचं गाव जरा लांब, आमच्याकडे फक्त फडताळातली भांडी पडली आणि भिंतीला एक चीर गेली. वडील सकाळी एस.टी. पकडून बहिणीकडे निघाले ते तिसऱ्या दिवशी परत आले. आले तेव्हा त्यांच्या कपड्यांना जो वास होता तो मला आजही येतो. त्या दिवसांत पाऊस लागून राहिला होता. पडलेल्या घरांचीच लाकडं, दारं, चौकटी काढून सरणं रचली होती, असं त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं. तो वास सोडणारं यंत्र कुणी बनवणार असेल तर मला आत्ताच कळवा, मी त्या बाजूला फिरकणार नाही.

आता भुज. कारण बैठकीत सगळ्यांच्या तोंडी तेच होतं. 'भुजला बघा काय केलंय! आपण कधी करणार?'

मी भुज बघितलंय. २०२३ च्या डिसेंबरात आमच्या नात्यातली दहा-बारा माणसं द्वारका-सोमनाथ करून पुढं कच्छला गेली. त्यात आत्या होती, मी सोबतीला होतो. तिथं भुजियो डोंगरावर 'स्मृतिवन' आहे. २८ ऑगस्ट २०२२ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. साधारण ४७० एकर जागा. डोंगरावरचं पाणी अडवणारे छोटे छोटे बांध घातलेत आणि तिथं २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात गेलेल्या माणसांच्या नावांच्या पाट्या लावल्यात. सुमारे तेरा हजार माणसं. पाणी साठतं, झाडं वाढतात, नावं तिथंच असतात. खरं सांगतो, मला आवडलं. सरकारी स्मारक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गंज लागलेलं फाटक आणि नेत्यांच्या नावांची कोनशिला येते. इथं गेलेल्यांची नावं होती. आत्या त्या पाट्यांवरून हात फिरवत चालत होती.

पुढं संग्रहालय. सात दालनं. भूकंप का होतात, जुनं कच्छ कसं होतं, लोक परत कसे उभे राहिले, सगळं नीट मांडलंय. त्यातलं सहावं दालन म्हणजे भूकंपाचा अनुभव देणारं यंत्र. जमीन हलते, आवाज, चारी बाजूंनी पडदे. पोरं बाहेर येताना हसत होती, एकमेकांना ढकलत होती. त्यांचा काही दोष नाही. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर आपण असेच हसतो.

मी म्हणालो, 'आत्या, चल की.'

ती म्हणाली, 'तू जा. मला नगं. म्या एकदा बघितलाय.'

मी गेलो नाही. तिच्याजवळ बसलो. आणि तिथं, घरापासून कितीतरी लांब, तिने मला जे सांगितलं ते तीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. तिला विचारूनच इथं लिहितोय.

त्या रात्री गणपती बोळवून आल्यावर गावातली पोरं मंडपातच आडवी झाली होती. माझा आतेभाऊ, माझ्याच वयाचा, तोही तिथंच. आत्या त्याला उठवायला गेली. 'दव पडतंय, सर्दी हुईल, आत चल.' तो नको नको म्हणत होता. तिने हाताला धरून आणला आणि घरात झोपवला. मामा शेतात राखणीला होते. पहाटे दावणीची म्हैस दाव्याला हिसके द्यायला लागली म्हणून आत्या उठून बाहेर गेली. बस.

'मंडपातली समदी पोरं वाचली,' ती म्हणाली. 'म्याच आत घेतलं त्याला.'

आता ते बटण आठवा. आत झोपणार की बाहेर?

माझा राग इथं आहे आणि तो नीट समजून घ्या. 'भावना दुखावल्या' म्हणून मी ओरडत नाहीये. हल्ली ज्याच्या त्याच्या भावना दुखावतात, मला त्या रांगेत उभं राहायचं नाही. माझं म्हणणं असं आहे की ते बटण खोटं आहे. निव्वळ खोटं. त्या रात्री कोण कुठं झोपलं ही निवड नव्हतीच. आणि ती निवड होती असं दाखवलं की दोष आपोआप झोपणाऱ्याच्या माथी जातो. माझी आत्या तीस वर्षं स्वतःला तेच सांगत आलीय की तिने चुकीचं बटण दाबलं. आता आपण त्यासाठी यंत्र बनवणार, वर तिकीट लावणार?

निवड कुठं झाली होती ते सांगतो.

किल्लारीचा धक्का ६.२ रिश्टरच्या आसपासचा. भुजचा ७.७. हा फरक दीड आकड्याचा वाटतो, पण ही मोजणी साधी नसते. ऊर्जेच्या हिशोबात भुजचा धक्का आपल्यापेक्षा शंभर पटींहून मोठा होता. तरी आपल्याकडे एवढ्या लहान टापूत हजारो माणसं गेली. का? कारण माणसं धक्क्याने मेली नाहीत. भिंतीने मेली.

आपल्याकडची जुनी घरं आठवा. दोन-अडीच फूट जाडीच्या, काही ठिकाणी त्याहून जाड दगडी भिंती. बाहेरून एक थर दगडांचा, आतून एक थर, मधे भरलेले तुकडे आणि माती. दोन्ही थरांना बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड बहुतेक घरांत नाही. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर फूट-दोन फूट माती. दरवर्षी पाऊस गळू नये म्हणून आणखी थोडी. उन्हाळ्यात थंड, हिवाळ्यात उबदार. शतकानुशतकं चाललेली घरं. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटले, आतला थर घरात कोसळला, त्यावर माळवदाची माती आली. कितीतरी माणसं त्या मातीखाली गुदमरून गेली.

मग ही घरं अशी बांधायचं कुणी निवडलं? गरिबाकडे दगड होता, माती होती, सिमेंट-सळईला पैसे नव्हते. आणि त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या काळच्या भूकंपाच्या सरकारी नकाशात हा सगळा भाग झोन १ मध्ये होता, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याचा. झोन ३ मध्ये तो गेला पुढं, २००२ च्या नकाशात. आणि हेही विसरू नका की १९९२ मध्ये, म्हणजे वर्षभर आधी, किल्लारीत धक्के बसत होते. लोक भ्याले होते, काही दिवस बाहेर झोपले. मग धक्के थांबले. धीर दिला गेला. पण घराला एक आडवा पट्टा बांधा, भिंतीत लांब दगड घाला, माळवदावरची माती उतरवा, हे सांगायला कुणी आलं नाही. लोक परत आत झोपायला गेले.

या सगळ्या निवडी १९९३ च्या आधी झालेल्या होत्या. नकाशात, कार्यालयात, दगडाच्या खाणीत, गरिबीत. आणि तुम्ही बटण कुठं लावताय? आईच्या हातात.

हलणारी फरशी तर आणखी चुकीचं शिकवते. ती सांगते, बघा जमीन कशी हलली! जमीन हलणारच, ती आपल्या हातात नाही. भिंत आपल्या हातात आहे. ज्या यंत्रात जमीन हलते आणि भिंत पडत नाही, ते यंत्र किल्लारीचा भूकंप दाखवतच नाही.

आता खऱ्या निवडीबद्दल बोलू. कारण या भूकंपाच्या गोष्टीत खरी निवड आहे, आणि ती भूकंपानंतरची आहे.

५२ गावं पूर्णपणे नव्या जागी हलवली. जागतिक बँकेच्या कर्जातून आणि देणगीदारांच्या मदतीने एवढं मोठं काम झालं. ज्यांनी केलं त्यांचे उपकार मी नाकारत नाही. पावसाळ्याच्या आत पत्र्याच्या शेडमधून माणसं पक्क्या घरात गेली पाहिजेत, ही घाईही खरी होती. ग्रामसभा झाल्या, हेही खरं. पण घर किती मोठं मिळणार हे कशावर ठरलं? सातबाऱ्यावर. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. त्याच्या वर ७५०. मातीखाली सगळ्यांची माणसं सारखीच गेली होती, घर मात्र एकराच्या हिशोबाने. नव्या गावात सरळ रस्ते, रांगेतली घरं, जुन्या गल्लीबोळातला शेजार मोडून गेला. गुबाळला तर घुमटाकार घरं बांधली. देणाऱ्याच्या मनात आलेलं घर, राहणाऱ्याच्या मनातलं नव्हे. आत्याला २५० मधलं मिळालं. दावण बांधायला जागा नव्हती. ज्या म्हशीने तिला बाहेर काढलं ती म्हैस तिला विकावी लागली.

पण त्याच कार्यक्रमात दुसरंही एक काम झालं. ज्या गावांत घरं पूर्ण पडली नव्हती, अशा शेकडो गावांत लोकांनी स्वतः दुरुस्ती करायची, सरकारने पैसे आणि साहित्य द्यायचं, असं ठरलं. त्यात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने गावोगावच्या बायांना पुढं आणलं. या बाया 'संवाद सहायक' झाल्या. भिंतीत आरपार दगड कसा घालायचा, पट्टा कसा बांधायचा हे शिकल्या आणि घरोघर सांगत फिरल्या. चूल आणि शेत याच्या पलीकडे ज्यांना कुणी विचारत नव्हतं, त्या बाया गवंड्याला 'हे चुकलंय, परत कर' म्हणायला लागल्या.

आणि आता हे लक्षात ठेवा, कारण त्या बैठकीत एकालाही माहीत नव्हतं. २००१ मध्ये कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा आपल्याकडच्या अशा बाया कच्छला गेल्या. भाषा धड येत नाही, ओळख नाही. पण आठ वर्षांपूर्वी त्यांचंही असंच सगळं पडलं होतं, हे तिथल्या बायांना कळायला भाषा लागली नाही. आपलं घर आपण बांधता येतं, हे त्यांनी स्वतःच्या अनुभवातून तिथं सांगितलं.

गुजरातमध्येही सुरुवातीला गावं हलवायची भाषा होती. लोकांनी विरोध केला. शेवटी तिथं बहुसंख्य लोकांनी आपापल्या जागी, सरकारकडून हप्त्याहप्त्याने पैसे घेऊन, तांत्रिक नियम पाळून, स्वतः घरं बांधली. कुठं राहायचं, खिडकी कुठं ठेवायची, गोठा कुठं, हे ज्याचं त्याने ठरवलं. याला म्हणतात निवड.

म्हणजे भुजकडून शिकायचंच असेल तर हे शिका की तिथं लोकांना घराबद्दल आधी विचारलं. यंत्र वीस वर्षांनी आलं. आपण यंत्र उचलून आणणार आणि विचारायचं तेवढं तिथंच सोडून येणार. आणि गंमत म्हणजे, ते विचारायचं शहाणपण पोचवण्यात आपल्याच बायांचा हात होता!

आता समोरच्या बाजूचं. बैठकीत माझ्याशी वाद घालणाऱ्यांचे मुद्दे खोटे नव्हते, म्हणून ते घेतो.

पहिला मुद्दा, नव्या पोरांना काही माहीत नाही. १९९३ नंतर जन्मलेली पोरं आता तिशीत आली. त्यांना अनुभव दिल्याशिवाय कळणार कसं? मान्य. पोरांना कळलंच पाहिजे. पण हा अनुभव आपल्या भागात संपलाय असं कुणी सांगितलं? २०२२ मध्ये निलंगा तालुक्यात हासोरीला जमिनीतून आवाज यायला लागले, हलके धक्के बसले, तेव्हा लोक रात्री बाहेर झोपत होते. त्या पोरांना हलणारी फरशी नको होती. त्यांना त्यांच्या घराची भिंत बघून 'ही टिकेल, ही टिकणार नाही' सांगणारा माणूस हवा होता.

दुसरा मुद्दा, जपानमध्येही करतात. करतात ना! कोबे शहरात १७ जानेवारी १९९५ ला भूकंप झाला, सहा हजार चारशेच्या वर माणसं गेली. तिथं २००२ मध्ये मोठं संग्रहालय उघडलं. त्यात आवाज-प्रकाशातून ती पहाट दाखवणारं चित्रगृह आहे. पण त्याच इमारतीत भूकंपातून वाचलेली माणसं, आता म्हातारी झालेली, येणाऱ्याला समोर बसवून आपली गोष्ट सांगतात. कुणी मुलीबद्दल सांगतं, कुणी शेजाऱ्याबद्दल. काय सांगायचं, किती सांगायचं, कुठं थांबायचं हे सांगणारा ठरवतो. तिथं आठवण यंत्राच्या ताब्यात दिलेली नाही, माणसाच्या हातात ठेवलीय. आपल्याकडे ही माणसं अजून आहेत. पण आणखी दहा-पंधरा वर्षांनी नसतील. मग आधी काय करायला पाहिजे?

तिसरा मुद्दा, पर्यटन वाढेल, पोरांना काम मिळेल. मिळेल कदाचित. हातगाड्या लागतील, वडापाव खपेल. पोटाचा प्रश्न मी हसण्यावारी नेत नाही, माझंही पोट या भागावरच आहे. पण ज्या आईला विचारायचं तिला विचारून करा ना. तिने हो म्हटलं तर मी कोण अडवणारा?

आणि चौथा मुद्दा कुणी बोललं नाही, पण हवेत होता: 'कला आहे, तुम्हाला कळणार नाही.' असेल. माझी पत्रकारितेची पदविका आहे, कलेची नाही. पण एवढं कळतं की दुसऱ्याच्या आठवणीवर आपण काही उभं करत असू, तर ती आठवण ज्याची त्याची परवानगी लागते. बातमीतही लागते. कुणाच्या दारात मयत असताना माईक पुढं करून 'कसं वाटतंय' विचारणारे आमचेच भाऊबंद आहेत, मीही नोकरीच्या पहिल्या वर्षांत ते केलंय. त्याची लाज वाटते म्हणूनच हे लिहितोय.

टीका करून मोकळं होणं सोपं असतं, म्हणून मला काय हवंय तेही सांगतो.

एक. आधी नावं. किल्लारीच्या भूकंपात किती माणसं गेली, याचे दोन आकडे कागदोपत्री फिरतात. एक ७,९२८, दुसरा ९,७४८. दोन्हींत १,८२० चा फरक आहे. एवढी माणसं एका मोठ्या गावात राहतात! एक आख्खं गाव आपण दोन आकड्यांच्या फटीत हरवून बसलोय आणि दालनाच्या फरशीला स्प्रिंग कुठली लावायची यावर चर्चा करतोय. गावोगाव जाऊन, ग्रामपंचायतीत बसून, घरातल्या माणसांना विचारून नावं लिहा. वय लिहा. गाव लिहा. गाळात गेलेला एकही राहता कामा नये.

दोन. वाचलेल्यांचं म्हणणं त्यांच्याच बोलीत, त्यांच्या परवानगीने नोंदवून ठेवा. ज्याला बोलायचं नाही त्याला सोडा. गप्प बसणं हीसुद्धा निवडच आहे आणि कदाचित सगळ्यात मोठी.

तीन. दालन करायचंच असेल तर त्यात दोन भिंती बांधा. एक जुन्या पद्धतीची, मधून कापून दाखवलेली, दोन थर आणि मधली माती दिसेल अशी. शेजारी दुसरी, त्याच दगडाची, पण आरपार दगड घातलेली, पट्टा बांधलेली. हलवायचं असेल तर त्या हलवा. कुठली पडते ते पोरांना बघू द्या. गवंड्याला बघू द्या, त्याला त्या दिवसाची मजुरी द्या. हाही अनुभवच आहे आणि हा माणूस वाचवतो.

चार. ते बटण नको. कुठल्याही रूपात नको. त्या रात्री आत झोपलेल्यांनी चूक केली, असा नुसता वाससुद्धा त्या दालनात येता कामा नये.

बैठकीतून निघताना त्या तरुणाला बाजूला घेतलं आणि आत्याची गोष्ट सांगितली. त्याचा चेहरा उतरला. 'सर, मला हे माहीतच नव्हतं,' म्हणाला. मी म्हटलं, 'बाळा, म्हणूनच आधी विचारायचं असतं.' त्याने वहीत काहीतरी लिहिलं. त्याच्यावर माझा राग नाही. त्याला विचारायला कुणी पाठवलंच नाही, थेट दाखवायला पाठवलं.

परवा आत्याकडे गेलो होतो. आता पंचाहत्तरीला आलीय, गुडघे गेलेत. तिला विचारलं, 'आत्या, तिथं स्मारकाचं काहीतरी करायचं म्हणत्यात. काय करावं?'

बराच वेळ काही बोलली नाही. चहा झाला. मी उठायला लागलो तेव्हा म्हणाली, 'नावं लिवा समद्यांची. अन् बसायला सावली करा. लांबून येत्यात लोकं.'

थोडं थांबून म्हणाली, 'त्याचं नाव लिवताना शाळेतलं लिवा. घरातलं माझ्यापाशी असू द्या.'

मित्रांनो, तुमच्या घरातलं कुणी त्या पहाटे गेलं असेल तर खाली नाव लिहा, गाव लिहा. शाळेतलंच लिहा. सरकारला जमेल तेव्हा जमेल. आपण सुरुवात करू.